बिअरचं सोवळं

मोघेकाकांना मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते मी घासलेलं पातेलं हुंगत होते. बनारसच्या दूधविनायक गल्लीत शास्त्रीबाईंच्या घरी मी भांडी घासायची, म्हणजे बाहेरची, खरकटी. सोवळ्यातली भांडी मला लांबूनसुद्धा दाखवायचे नाहीत. अन् मी घासलेल्यांवर शास्त्रीबाई परत पाणी फिरवायच्या, मगच ती आत जायची. तर त्या दिवशी हे उंच, वाळके, म्हातारे गृहस्थ कसली तरी पत्रिका द्यायला आले अन् नळापाशी थांबले, पालथं पातेलं उचललं, आत नाक घातलं. म्हटलं राहिलं काहीतरी, आता बोंब होणार, आता हे काम गेलं, अन् पोरगी सात महिन्यांची कडेवर, घरी काय सांगू.

काका म्हणाले, "काहीच वास नाही."

मी पदराला हात पुसले.

"अगं, काहीच वास नाही! ह्या गल्लीत प्रत्येक भांड्याला काल काय शिजलं त्याचा वास असतो. ह्याला नाही. माझ्याकडं काम करशील?"

"कुठं?"

"कँटोन्मेंटला. टाक्या धुवायच्या."

"कशाच्या?"

"बिअरच्या."

मी आधी दार बघितलं. आत शास्त्रीबाईंची घंटा चालू होती, म्हणून वाचले.

मी परभणीकडची, आठवीत शाळा सुटली, लग्न होऊन इथं आले. आमचे हे राजा घाटाजवळच्या एका धर्मशाळेत स्वयंपाकी आहेत. त्यांना विचारलं तर ते म्हणाले, आईला सांग होटेलात चादरी धुते. तेव्हापासून मी घरी चादरीच धुते. सासूबाई विचारतात, किती चादरी झाल्या गं आज? मी म्हणते, तीन. मोठ्या होत्या.

काकांचं सगळं आयुष्य मला माहीत नाही अन् मी विचारलंबी नाही, मला मोठ्या माणसांना विचारायची भीती वाटते. एवढं माहीत आहे की ते ह्याच गल्लीतले, घराणं वेद म्हणणारं, अन् ते पुण्याकडं कुठल्या तरी लई मोठ्या बिअरच्या कारखान्यात तीस वर्षं होते. काकू गेल्यावर परत इथं आले. गल्लीत त्यांना मुंजीचं नाही की श्राद्धाचं नाही, कसलंच बोलावणं यायचं नाही. त्यांच्या हातचं पाणी कुणी घ्यायचं नाही. पण संध्याकाळी ते चबुतऱ्यावर बसले की एकेक जण यायचा, इकडं तिकडं बघायचा अन् हळूच विचारायचा, "काका, ते सोमरस म्हणतात, ते हेच का हो?" काका म्हणायचे, "नाही. पण तुमची जीभ सुटलीय त्यावरून जवळपासचंच असावं."

होटेल भैयाजींचं. भैयाजी म्हणजे मालक, पन्नाशीचे, बोटांत अंगठ्या, अन् बोलताना दर वाक्यात 'क्राफ्ट'. कुणीतरी त्यांना दिल्लीत सांगितलं होतं की आता क्राफ्ट बिअर चालते, होटेलातच बनवायची, कारखान्याची नाही. म्हणून त्यांनी मागं काचेची खोली बांधली, तीन टाक्या आणल्या, अन् मग कळलं की बनवणारा पण लागतो. तेव्हा काका सापडले. भैयाजी सगळ्यांना सांगायचे, "हमारे पंडितजी बनाते हैं।" ब्राह्मण आहे हे त्यांना बिअरपेक्षा जास्त आवडलं होतं.

अन् काकांचं सोवळं! शास्त्रीबाईंचं सोवळं त्याच्यापुढं काहीच नाही. टाकीच्या खोलीत जायचं तर आधी हात कोपरापर्यंत, मग गमबूट, मग डोक्याला टोपी. चप्पल बाहेर. अंगठी नाही, गजरा नाही, बांगड्या कोपराच्या वर. कुणी दाराशी आलं की आतून आवाज, "शिवू नको! लांब!" एकदा होटेलचा मोठा शेफ, सगळे ज्याला घाबरायचे तो, लसणाच्या हातानं टाकीचं झाकण उघडून बघायला गेला. काकांनी त्याला असा बाहेर काढला की तो दोन दिवस माझ्याशी आदरानं बोलत होता, मी आत जाऊ शकते म्हणून. मला मात्र काकांनी पहिल्या दिवशी एवढंच विचारलं, "नखं कापलीस?" बाकी काही नाही. जात नाही, गाव नाही, आडनावसुद्धा पगाराच्या कागदावर लिहायची वेळ आली तेव्हा विचारलं.

मी पहिली टाकी धुतली अन् सवयीनं बाजूला उभी राहिले, म्हटलं आता हे परत पाणी फिरवतील.

काका म्हणाले, "उभी का?"

"तुम्ही परत धुणार ना?"

"परत धुतलं तर कुणी धुतलं ते कसं कळणार? तू धुतलीस. झालं."

अन् मग पाटीवर लिहिलं. खोलीत एक काळी पाटी होती, खडूनं लिहायची. टाकी कितवी, कधी भरली. धुतली: रेखा. शिजवली: मोघे. अन् शेवटी एक रकाना होता, 'चुकलं तर'. त्याच्याखाली तिन्ही टाक्यांना एकच नाव, मोघे, मोघे, मोघे. माझं नाव शाळेनंतर पहिल्यांदा पाटीवर आलं. मी दिवसभर पुसलं तर जात नाही ना बघत होते.

काम कसं चालतं ते मला तिथंच कळलं. जवाला मोड आणून वाळवलेलं असतं, ते भरडायचं, गरम पाण्यात भिजवायचं. मग खोलीभर असा गोड वास सुटतो, आमच्याकडं सुगीत हुरडा भाजताना सुटतो तसा. ते गोड पाणी कडू फुलं घालून उकळायचं, गार करायचं, अन् टाकीत घालून विरजण लावायचं. काका यीस्टला विरजणच म्हणायचे. ते त्यांनी बरणीत कित्येक वर्षं जिवंत ठेवलं होतं, दिवाळीच्या पहिल्या अंघोळीनंतर फराळ सोडून त्याला खायला घालायला आलेले मी बघितलेत. मग वाट बघायची. तीन आठवडे, कधी जास्त. भैयाजी रोज काचेला नाक लावून विचारायचे, "हो गया?" काका म्हणायचे, "वो बता देगी।"

मला म्हणायचे, "मी बनवत नाही गं. ते विरजण बनवतं. मी फक्त घाण होऊ देत नाही अन् घाई होऊ देत नाही. एवढ्याचाच पगार."

उरलेला चोथा गवळी यादवजी न्यायचे गाईंना. अन् त्याच गाईंचं दूध आमच्या गल्लीत यायचं. सासूबाई सांगायच्या, यादवाच्या दुधाला हल्ली काय साय येते, अन् गाईबी किती शांत झाल्यात. शास्त्रीबाई तेच दूध पंचामृताला घ्यायच्या. मला धास्ती, मी काकांना म्हटलं, काका, हे पाप कुणाला लागणार? ते लई वेळ हसले. मग म्हणाले, "चोथ्यात काही नसतं, नुसतं भिजलेलं जव. पण सांगू नकोस कुणाला. श्रद्धेला अन् सायीला धक्का लावू नये."

ते स्वतः प्यायचे का? प्यायचे. सकाळी एक घोट, डोळे मिटून, अन् संध्याकाळी एक ग्लास, खुर्चीवर बसून, शेवचिवड्याबरोबर, एकच. कुणी म्हटलं की ब्राह्मण असून, तर म्हणायचे, "न चाखणारा आचारी अन् न पिणारा बिअरवाला, दोघांकडं जेवायला जाऊ नये."

एक गोष्ट मला लवकर समजली नाही. होटेलातले वेटर मोठ्या कंपन्यांच्या बिअरला नावं ठेवायचे, भैयाजींनीच शिकवलं होतं, की ती 'केमिकल' आहे अन् आपली 'असली'. काका ते ऐकून चिडायचे. म्हणायचे, "केमिकल कसलं! मी तीस वर्षं केलीय. लाख बाटल्या, अन् पहिल्या बाटलीत अन् लाखाव्या बाटलीत केसाएवढा फरक नाही. करून बघा म्हणावं. जवात स्वस्तातला तांदूळ घालतात, गाळून गाळून चकचकीत करतात, कुणाच्याच जिभेला टोचू नये म्हणून सगळे कोपरे घासतात, हे खरं. पण खोटी नाही ती. ती फक्त कुणा एकाची नाही. चुकली तर नाव लिहायला माणूस सापडत नाही तिथं."

मी विचारलं, "मग आपली?"

"आपली दर वेळी थोडी वेगळी. कधी बरी, कधी फार बरी. अन् बिघडली तर मी इथं उभा आहे."

अन् मग ती खरंच बिघडली, अन् माझ्यामुळं बिघडली.

सासूबाई नात्यातल्या लग्नाला गेल्या होत्या, ह्यांना सुट्टी नव्हती, पोरगी चिऊ तेव्हा सव्वा वर्षाची, अंगात कणकण. मी तिला कुणाला न सांगता आणलं अन् कोठीत जवाच्या पोत्यांमध्ये निजवलं. टाकी भरायच्या पाइपात धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी वीस मिनिटं फिरवायचं असतं. मी लावलं अन् ती रडायला लागली. पाच मिनिटं झाली असतील. काका ऐकतील, भैयाजी ऐकतील, मला काढतील. मी पाणी बंद केलं, पाइपाचं तोंड पदरानं स्वच्छ पुसलं, अन् पळाले. आता घरी आपण तेच करतो ना, ताट पदरानं पुसतो, लेकराचं तोंड पदरानं पुसतो, पदराहून स्वच्छ काय असतं बाईजवळ? माझ्या मनात पापबी आलं नाही.

आठ दिवसांनी काकांनी तीन नंबरच्या टाकीतला घोट घेतला अन् गिळला नाही. मोरीत टाकला. मग एक बादली पालथी घातली अन् तिच्यावर बसून राहिले. उठून एकेक वस्तू हुंगायला लागले, नळ, झाकण, चाळणी. शेवटी फ्रिजमधली विरजणाची बरणी काढली अन् स्वतःशीच म्हणाले, "हेच म्हातारं झालं असणार. टाकून द्यावं." अन् झाकण फिरवलं.

मी ओरडले. मी कधी कुणापुढं ओरडत नाही. "काका, ते नका टाकू, मी केलंय, मी पदरानं पुसलं!" अन् मग सगळं एका दमात, पोरगी, ताप, पाच मिनिटं, सगळं.

काकांनी बरणी खाली ठेवली. म्हणाले, "पदर धुतलेला होता?"

"हो. सकाळचा."

"म्हणजे तुझ्या लेखी स्वच्छच होता. तुला मी कधी सांगितलं होतं का, पदर चालत नाही म्हणून?"

"नाही."

"मग."

अन् पाटीवर लिहिलं, टाकी तीन, फेकली, कारण पदर. अन् 'चुकलं तर' पुढं माझं नाव येणार म्हणून मी डोळे मिटून घेतले होते, उघडून बघते तर मोघे. मग म्हणाले, "पोरीला आणत जा. पण सांगून आणत जा. चोरून आणलं की घाई होते." दुसऱ्या दिवशी मला बिनपदराचा अंगरखा मिळाला, रबराचा.

भैयाजी मात्र धावत आले. "फेंक रहे हैं? पूरी टंकी? पंडितजी, खट्टी है तो क्या हुआ! दिल्ली में खट्टी बियर डबल दाम में बिकती है। नींबू लगाइए, नाम रखिए बनारसी खट्टी।"

काका म्हणाले, "जो खट्टी करने के लिए खट्टी की जाए, वो खट्टी है। उसमें बरसों की मेहनत है। ये बिगड़ी हुई है।"

"ग्राहक को क्या पता?"

"मुझे पता है।" अन् टाकीच्या नळाची चावी फिरवली. सगळी मोरीत. फेस गुडघ्यापर्यंत आला.

मला वाटलं झालं, मिटलं. पण तिथूनच सुरू झालं. एक टाकी रिकामी, शनिवार-रविवारी गर्दी, बिअर पुरेना. तर एका सकाळी मागच्या फाटकातून स्टीलची पिंपं उतरली. कारखान्याची बिअर. भैयाजी काकांना म्हणाले, दोन आठवडे फक्त. काका म्हणाले, "ठीक है, पर बोर्ड पर लिखिए कि बाहर की है।" भैयाजी म्हणाले, हाँ हाँ. काकांनी पिंपावर बोटानं टकटक केलं अन् विचारलं, "इसमें गड़बड़ हुई तो किसका नाम लिखूँ?"

"इसमें गड़बड़ होती ही नहीं, पंडितजी!"

"वही तो।"

दोन आठवड्यांचे दोन महिने झाले. बोर्ड कुणी लिहिला नाही, अन् जवाची पोती येणं कमी झालं. उलट एक दिवस मी आत जाते तर टेबलावर ग्लासाखाली ठेवायचे गोल पुठ्ठे, अन् त्या प्रत्येकावर काका. कपाळाला गंध, खांद्यावर उपरणं, अन् खाली लिहिलेलं, 'पंडितजी. पुरखों की विधि'. महाशिवरात्रीला काका अहिल्याबाई घाटावरून अंघोळ करून सरळ कामाला आले होते, तेव्हा भैयाजींनी मोबाइलवर फोटो काढला होता, वाह पंडितजी, क्या लग रहे हैं, म्हणून. तो हा. अन् पुठ्ठा ज्या ग्लासाखाली होता, त्यात पिंपातली.

काकांनी पुठ्ठा उचलला, उलटा केला, परत सुलटा केला. "पुरखे?" मला म्हणाले, "माझ्या पणजोबांना कुणी बिअर दाखवली असती तर त्यांनी सचैल स्नान केलं असतं."

मी म्हटलं, "काका, सोडून द्या ना. फोटोच तर आहे." मला खरं म्हणजे माझी भीती होती. त्यांनी भांडण केलं अन् ते गेले तर मी कुठं जाणार? परत शास्त्रीबाईंच्या खरकट्यावर? चिऊसाठी आता दूध जास्तीचं घेत होते आम्ही.

काका म्हणाले, "फोटो न्या हवा तितका. पण जी मी केली नाही तिच्यावर माझं नाव कसं? उद्या कुणाच्या पोटात दुखलं तर मी कुणाला काय सांगू? मला माहीतच नाही तिच्यात काय आहे." पुठ्ठा त्यांनी खिशात घातला अन् भैयाजींकडं गेले. भैयाजी म्हणाले, अभी नहीं पंडितजी, सोमवार को दिल्ली से लोग आ रहे हैं, वो हो जाए फिर देखते हैं. दिल्लीचे लोक 'पंडितजी'ची दहा होटेलं उघडणार होते. काकांनी फक्त हात जोडून उभं राहायचं. विचारलं तर मान हलवायची.

सोमवारी मला नऊवारी नेसवली. मी जन्मात नेसले नव्हते, भैयाजींच्या बायकोनं मोबाइलवर बघून नेसवली, चालता येईना. माझ्या हातात ताट, ताटात कुल्हड, कुल्हडात पिंपातली बिअर. मनात एकच, कुणी फोटो काढला अन् तो सासूबाईंपर्यंत गेला तर? चादरी धुताना नऊवारी कशाला म्हणतील.

दिल्लीचे तिघं होते. एक दाढीवाला बोलायचा, बाकी दोघं मान हलवायचे. दाढीवाल्यानं कुल्हड घेतला, नाकाशी नेला, डोळे मिटले. "मिट्टी," म्हणाला. "गंगा की मिट्टी आ रही है इसमें।" कुल्हड मातीचाच होता. मग काकांकडं वळून, हात जोडून, "पंडितजी, ये आपने बनाई है?"

भैयाजी मागून मान हलवून दाखवत होते, अशी हलवा, अशी. मी ताट घट्ट धरलं. मला वाटलं, काका, हलवा मान, एकदा हलवा, कुणाचं काय जातंय.

काका म्हणाले, "नहीं।"

भैयाजींची मान अर्धी हललेली तशीच राहिली.

"नहीं साहब। ये मैंने नहीं बनाई। ये बहुत अच्छी बियर है, बड़े कारखाने में बनी है, साफ-सुथरी है। लेकिन मेरी नहीं है।"

भैयाजींचा चेहरा असा झाला की मला दया आली. अन् दाढीवाला? त्याचे डोळे भरून आले. तो त्या दोघांकडं वळून म्हणाला, "सुना? कहते हैं मैंने नहीं बनाई! ये होता है कारीगर। अहंकार ही नहीं है।"

काका म्हणाले, "अहंकार की बात नहीं है। पीछे पीपे रखे हैं। पाटी देख लीजिए।"

"पाटी!" दाढीवाला म्हणाला. "खड़िया से लिखते हैं?" अन् तिघं टाकीच्या खोलीकडं निघाले, चप्पल-बूट घालूनच, काका मागून "लांब! लांब!" ओरडत. पाटीवर सरळ लिहिलेलं होतं: टाकी एक रिकामी, टाकी दोन नऊ दिवस बाकी, टाकी तीन रिकामी. दाढीवाल्याला मराठी कळत नव्हतं. भैयाजी मध्ये पडून म्हणाले, ये मंत्र हैं. त्यांनी पाटीचे सात-आठ फोटो काढले. काकांनी शेवटचा उपाय केला. टाकीवर बोटाच्या पेरानं वाजवलं. रिकामी टाकी, टण्ण करून वाजली. "सुनिए। खाली है।" दाढीवाल्यानं मोबाइल पुढं केला अन् म्हणाला, "एक बार और, पंडितजी। क्या आवाज़ है। इसको हम विज्ञापन में डालेंगे।"

काकांनी परत वाजवलं नाही. हात खाली घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. जत्रेत लेकरू हरवल्यावर ते ज्याला त्याला आपलं नाव सांगतं अन् कुणालाच कळत नाही, तसं काहीतरी.

करार झाला. भैयाजी काकांना मिठी मारून म्हणाले, "आप तो कमाल हैं! मैं डर गया था, और आपने तो बाज़ी पलट दी! 'मैंने नहीं बनाई', यही लिखेंगे अब नीचे!"

काका म्हणाले, माझं तोंड काढा त्या पुठ्ठ्यावरून. भैयाजी म्हणाले, आता नाही निघत, आता ते कंपनीचं झालं. काका म्हणाले, मग मी निघतो. भैयाजी म्हणाले, जशी इच्छा, आपका चेहरा तो यहीं है.

पण काका लगेच गेले नाहीत. दोन नंबरला नऊ दिवस बाकी होते. नऊ दिवस रोज आले, वेळेवर, गमबूट, टोपी, हात कोपरापर्यंत. दहाव्या दिवशी त्यांनी चावी उघडली अन् पहिला ग्लास मला दिला. मी प्यायले नाही, मला भीती वाटते, पण वास घेतला, ताज्या पावाचा अन् कुठंतरी संत्र्याच्या सालीचा. काका म्हणाले, "चालेल." त्यांच्या तोंडून एवढंच येतं.

ती बाहेर गेली. अन् पहिल्याच टेबलावरून ग्लास परत. "भैया, ये गँदली है। वो साफ वाली दो ना, पंडितजी वाली।" गाळलेली नसते ना, म्हणून धूसर दिसते. वेटर ग्लास घेऊन काकांपुढं उभा, काय करू म्हणून. काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग तोच ग्लास घेऊन खुर्चीवर बसून सावकाश प्यायले, अन् चार वेटरांना अन् शेफला बोलावून म्हणाले, प्या, नाहीतर उद्या हीच मोरीत जाईल. शेफनं दोन घोट घेतले अन् हळूच विचारलं, इतने दिन आप ये बनाते थे? त्यानं वर्षभरात कधी चाखलीच नव्हती.

विरजणाची बरणी त्यांनी स्वतः उकळत्या पाण्यात रिकामी केली. मला रडू आलं. म्हणाले, "रडतेस काय! दुसऱ्याच्या हातात उपाशी मरण्यापेक्षा हे बरं."

मी अजून तिथंच आहे. सांगायला लाज वाटते, पण आहे. टाक्या रोज पुसते बाहेरून, चकचकीत, आत काही नसतं. शनिवारी नऊवारी नेसते, आता नेसता येते. गल्लीत काकांचा मान मात्र एकदम वाढला. ज्यांनी कधी पाणी घेतलं नाही ते चबुतऱ्यावर थांबून म्हणायला लागले, "मोघे, फोटो काय सुंदर आलाय हो, अगदी तुमच्या वडिलांसारखे दिसता." शास्त्रीबाईंनी तर श्राद्धाला बोलावलं. काका गेले नाहीत. महिन्याभरात ते पुतणीकडं इंदूरला निघून गेले.

पण शेवटचं आठवतं ते त्या दहाव्या दिवसाचंच. आम्ही एकाच टोटोतून, म्हणजे बॅटरीच्या रिक्षातून, परत येत होतो, काका, मी, अन् मांडीवर चिऊ. लहुराबीर चौकाच्या पुढं गाड्या अडकल्या. अन् समोर, दोन मजले उंच, काका. गंध, उपरणं, हात जोडलेले, गाल गुलाबी केलेले. बिअरची जाहिरात लावता येत नाही म्हणून खाली 'सोडा' लिहिलेलं. 'पंडितजी सोडा. मैंने नहीं बनाई.'

टोटोवाल्यानं आरशात बघितलं, मग वळून बघितलं, मग परत वर बघितलं. "अरे बाबा! ई त आप ही हईं!"

चिऊनंबी वर बोट केलं अन् म्हणाली, "आबा."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला अन् नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं, जसं टाकीकडं बघायचे तसं. मला वाटलं आता काही बोलतील, रागावतील. त्यांनी आपले दोन्ही हात मांडीवर उलटे केले. धुण्याच्या सोड्यानं पांढरे पडलेले, बोटांना भेगा, नखं मुळापर्यंत कापलेली.

"नहीं भैया," काका म्हणाले. "इनके हाथ देखो, कितने मुलायम हैं। ये आदमी कुछ धोता नहीं होगा।"

पुढची गाडी हलली. टोटोवाला अजून वरच बघत होता. काका म्हणाले, चलो, बच्ची को भूख लगी है.